वेताळ, बोलपट आणि बोहाडा

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा हा शिकवण्याचा नसतो, हे कोणताही शिक्षक खाजगीत कबूल करील. मुलांचे लक्ष घराकडे आणि आमचे पेपरांच्या गठ्ठ्याकडे. अशाच एका दुपारी जव्हारच्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, एक वाद पेटला आणि तो इतका लांबला की थेट चैत्रापर्यंत पुरला. वादाचा विषय सांगितला तर वाचकांना हसू येईल. विषय होता वेताळ. तोही विक्रमराजाच्या खांद्यावरचा नव्हे. अंगाला घट्ट बसणारा जांभळा वेष घातलेला, डोळ्यांवर काळा मुखवटा चढवलेला, पांढऱ्या घोड्यावरून जंगलात हिंडणारा, चित्रकथेतला वेताळ!

झाले असे की, सातवीच्या मुलांनी आमच्या भागातल्या बोहाड्यावर एक चित्रकथा काढली होती. बोहाडा म्हणजे जव्हार-मोखाड्याकडचा जगदंबेचा उत्सव. उन्हाळ्यात, शेतीची कामे नसताना, गावोगाव देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून रात्र रात्र सोंगे नाचवतात. मुलांनी चौकटी आखून, माणसांच्या तोंडातून फुगे काढून, महिषासुराचा वध बारा पानांत रंगवला होता. वही खरोखरच छान होती. तेवढ्यात दोन-तीन मुलांनी पुढची मागणी केली : "गुरुजी, याचा पिक्चर काढू या. मोबाइलवर निघतो. मुखवट्यातून जाळ काढता येतो, राक्षस आभाळाएवढा करता येतो."

मी हो म्हणणार इतक्यात आमचे मराठीचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "नका करू. चित्रकथेतले भूत पडद्यावर आणले की त्याचे बुजगावणे होते. वेताळाचे काय झाले, ठाऊक आहे ना?" गणिताचे सर उसळून म्हणाले, "काय झाले वेताळाचे? मला तो चित्रपट आवडतो!" आणि भांडण जुंपले.

माझी पिढी वेताळाची शेवटची पिढी. मोठ्या भावंडांनी वाचून फाटलेले अंक आमच्या वाट्याला आले. तेव्हा ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आधी वेताळाची कुळकथा सांगितली पाहिजे.

वेताळाचा जनक अमेरिकन लेखक ली फॉक. १९३४ मध्ये त्याने मँड्रेक हा जादूगार निर्माण केला होता. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत त्याची दुसरी चित्रमाला सुरू झाली, तिचे नाव 'द फँटम'. पहिली चित्रे रे मूर याने काढली. कथेचे मूळ बीज असे : चारशे वर्षांपूर्वी एका जहाजावर चाच्यांनी हल्ला केला. एक तरुण तेवढा वाचला आणि लाटांबरोबर एका अनोळखी किनाऱ्याला लागला. तिथल्या अरण्यवासी लोकांनी त्याला जगवले. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली की मी आणि माझे वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी जन्मभर झुंजू. त्याने मुखवटा चढवला. तो मेल्यावर त्याच्या मुलाने तोच वेष अंगावर घेतला, पुढे त्याच्या मुलाने. असे एकवीस पुरुष झाले. बाहेरच्या जगाला मात्र वाटत राहिले की हा एकच पुरुष आहे, चारशे वर्षांचा आहे आणि तो मरत नाही.

यातली खुबी ध्यानात घ्या. या कथेत भूत नाहीच! वेताळ तुमच्या-आमच्यासारखा हाडामांसाचा माणूस. त्याला गोळी लागते, ताप येतो, तो म्हातारा होतो. अलौकिक असते ते फक्त लोकांच्या मनात, आणि वाचकाला हे गुपित पहिल्यापासून ठाऊक असते. भूत खोटे आहे हे आपल्याला कळत असते, तरी भुताचा दरारा मात्र अंगावर काटा आणतो.

आपल्याकडे हा गृहस्थ घरोघर पोहोचला तो मार्च १९६४ पासून. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि पहिले बत्तीस अंक एकट्या फँटमला दिले. देशी भाषांत आणताना काही नावे बदलावी लागली. मुळात त्याच्या देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते, ते 'डेंकाली' झाले. चाच्यांच्या टोळीचे नाव शीख बांधवांच्या 'सिंग' नावासारखे होते, ते 'सिंगा' झाले. पण सर्वांत भाग्याचा बदल नायकाच्या नावाचा. मराठीत तो 'वेताळ' झाला.

हे नाव ज्याला सुचले त्याने नकळत केवढे मोठे काम केले! इंग्रजीत फँटमचे बिरुद आहे ते 'चालते भूत' अशा अर्थाचे. आता सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला चला. तिथला वेतोबा हे जागृत ग्रामदैवत. त्याला नवस फेडताना भाविक केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. का, तर देव रात्री गावाच्या सीमेवर फेऱ्या मारतो, रयतेची राखण करतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात. गोव्यातही गावोगाव बेताळ आहे आणि त्याचे कामही राखणदारीचेच. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातले चालते भूत मराठीत आले, ते असे आधीच चालत असलेल्या वेताळाच्या पावलांवर पाऊल टाकून. म्हणूनच तो आम्हा मुलांना परका वाटला नाही.

'इंद्रजाल'चे आठशेच्या वर अंक निघाले आणि १९९० मध्ये ते बंद पडले. सहा वर्षांनी, जून १९९६ मध्ये, हॉलिवूडने 'द फँटम' हा चित्रपट काढला. दिग्दर्शक सायमन विन्सर, नायक बिली झेन. तत्पूर्वी १९४३ मध्ये टॉम टायलर या नटाला घेऊन पंधरा भागांची एक मालिका निघाली होती. पण आमच्या वादाचे मूळ म्हणजे हा १९९६ चा रंगीत चित्रपट. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून काढला आणि अमेरिकेत जेमतेम पावणेदोन कोटी मिळवले. धंद्याच्या हिशेबाने तो पडला.

"पडला म्हणून वाईट ठरत नाही," गणिताचे सर म्हणाले. हिशेबाच्या माणसाने हे म्हणावे याची मला मौज वाटली. त्यांची बाजू अशी. चित्रकथेवर चित्रपट काढणारे बहुतेक लोक मुळाला लाजतात. नायकाचा रंगीत वेष काढून त्याला काळे कातडे घालतात, त्याला दुःखी करतात, रात्रीच्या पावसात उभा करतात. विन्सरने तसे काही केले नाही. त्याने काळ १९३८ चा ठेवला, विमाने त्या काळातली ठेवली, वेष जांभळाच ठेवला. त्याचा नायक हसतो, सभ्यपणे वागतो, दिलेला शब्द पाळतो. घोडा आहे, लांडगा आहे, कवटीची गुहा आहे. "मूळ कृतीचा असा मान राखणारे कितीसे चित्रपट निघतात?" सरांनी विचारले. त्यांचे म्हणणे मला पटले. हा चित्रपट आपल्या नायकाची थट्टा करीत नाही आणि आजच्या दिवसांत हा गुण लहान नव्हे.

"मान राखला? तिथेच तर घात केला!" मराठीचे सर म्हणाले. त्यांचा आक्षेप नीट ऐकण्यासारखा होता. चित्रपटाची कथा तीन मंतरलेल्या कवट्यांभोवती फिरते. एक सोन्याची, एक चांदीची, एक हिरव्या मौल्यवान दगडाची. तिन्ही एकत्र आल्या की त्यांतून विध्वंसक किरण निघतात. खलनायक त्यांच्या मागे, वेताळ खलनायकाच्या मागे. शेवटी उलगडा होतो की चौथी कवटी वेताळाच्या अंगठीवरच आहे आणि तिच्या बळावर तो इतर तिघींवर मात करतो. शिवाय त्याच्या मेलेल्या वडिलांचे भूत वरचेवर प्रकट होऊन त्याला उपदेश करते.

"म्हणजे पाहा," सर म्हणाले, "ज्या कथेची सारी गंमत भूत नसण्यात होती, तिच्यात यांनी खरोखरीचे भूत घातले. अंगठी ही बापाने मुलाला दिलेल्या जबाबदारीची खूण होती, ती यांनी जादूची अंगठी करून टाकली. आता वेताळ जिंकतो तो शपथेच्या बळावर नव्हे, किरणांच्या बळावर. आणखी एक. चित्रात वेताळाच्या मुखवट्याला बुबुळे नाहीत, नुसती पांढरी जागा आहे. ग्रीक पुतळ्यांच्या कोऱ्या डोळ्यांवरून ती कल्पना सुचल्याचे फॉकने सांगितले आहे. पडद्यावर त्या भोकांतून एका देखण्या नटाचे डोळे दिसतात. डोळे दिसले की माणूस दिसला. माणूस दिसला की वेताळ गेला."

मी मधला मार्ग काढू पाहत होतो. तोवर इतका वेळ गप्प असलेले आमचे तरुण सहकारी बोलले. ते मोखाड्याकडच्या एका वारली कुटुंबातले, कॉलेजात शिकलेले, घरातले पहिलेच शिक्षक. "माझा प्रश्न वेगळा आहे," ते शांतपणे म्हणाले. "जंगलातल्या माणसांची राखण करायला गोराच माणूस का लागतो? चारशे वर्षे ते लोक त्याच्या गुहेबाहेर पहारा देतात, पण एकदाही त्यांच्यातल्या कुणी मुखवटा चढवत नाही. मी लहानपणी वेताळ वाचला तेव्हा मला वाटायचे, मी वेताळ होणार. एके दिवशी ध्यानात आले की या पुस्तकात माझी जागा पहाऱ्यावर आहे."

खोलीत कुणी बोलले नाही. पुढे तेच म्हणाले, "चित्रपटात हा दोष जास्त दिसतो. चित्रात रंग कागदाचा असतो, वाचणारे पोर स्वतःचा चेहरा त्यात बसवू शकते. पडद्यावर चेहरा ठरून गेलेला असतो."

घंटा झाली आणि आम्ही वर्गांवर गेलो. मला मात्र त्या दिवशी काही शिकवता आले नाही.

हा प्रश्न आजचा नाही. आमच्या जव्हारहून नाशिकला जाणारा रस्ता मोखाड्यावरून घाट चढत त्र्यंबकेश्वराला जातो. त्याच त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. दादासाहेबांनी चित्रपट काढला, एवढे शाळेतले पोरही सांगते. पण त्याआधी ते काय करीत होते, हे आमच्या वादाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ते छायाचित्रकार होते. लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यासाठी ठसे बनवण्याचे काम त्यांनी केले होते. राम, सीता, लक्ष्मी, सरस्वती यांची जी रंगीत चित्रे घरोघर भिंतीवर लागली आणि देवघरात पुजली गेली, ती या छापखान्याची. शिवाय दादासाहेब जादूचे खेळ करीत, तेही 'प्रोफेसर केळफा' या नावाने. फाळके हेच नाव त्यांनी उलटे करून घेतले होते. चित्र छापणारा आणि जादू करणारा असा हा माणूस. त्याने मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्याच्या मनाने घेतले की आपले रामकृष्ण असे पडद्यावर हलले पाहिजेत. भिंतीवरच्या चित्रांतले देव चालते करावेत, हीच ती इच्छा. आमच्या सातवीच्या पोरांचीही तीच होती.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. चित्रपटात काम करायला बाई मिळेना, तेव्हा तारामतीचे काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केले. हे साळुंके एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. १९१७ मध्ये 'लंकादहन' आला. त्यात याच साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही केली! पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत, पायांतले जोडे काढून ठेवीत, अशा आठवणी सांगितल्या जातात.

आता विचार करा. समोर कालपरवापर्यंत पोळ्या लाटणारा गृहस्थ आहे. रामाचे आणि सीतेचे काम एकाच माणसाने केले आहे. मारुती उडतो ही कॅमेऱ्याची करामत आहे. तरी लोक हात जोडतात. म्हणजे मराठीच्या सरांचे म्हणणे, की पडद्यावर माणूस दिसला की अलौकिक संपते, ते सर्वथा खरे नाही. 'लंकादहना'च्या प्रेक्षकाला माणूस दिसत नव्हता, कारण राम तो घरून घेऊन आला होता. भिंतीवरच्या चित्रातून, कीर्तनातून, आजीच्या गोष्टीतून. पडद्याने त्याला राम दिला नाही, त्याच्याजवळच्या रामाला फक्त हलवले. फँटमच्या १९९६ च्या अमेरिकन प्रेक्षकाजवळ असा घरून आणलेला वेताळ फारसा उरला नव्हता. म्हणून बिचाऱ्या दिग्दर्शकाला कवट्या आणि किरण आणावे लागले. जिथे श्रद्धा नाही तिथे जाळ दाखवावा लागतो.

आमच्या पिढीने दुसरे एक उदाहरण डोळ्यांनी पाहिले आहे. 'चांदोबा' मासिकात विक्रम आणि वेताळाची गोष्ट महिनोन्‌महिने येई. तिच्यावरचे शंकर यांचे ते चित्र, हातात उगारलेली तलवार, खांद्यावर प्रेत, पायांखाली साप आणि कवट्या, कोणाला विसरता येईल? १९८५ मध्ये रामानंद सागर यांनी याच गोष्टी दूरदर्शनवर आणल्या. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासंग्रहात ज्या आल्या त्याच या गोष्टी. मालिकेतल्या करामती अगदी साध्या होत्या, आजची पोरे त्यांना हसतील. पण आम्ही अंथरुणात तोंड लपवले, हेही खरे. कारण एकच. वेताळ प्रश्न विचारी आणि उत्तर आमच्यावर सोपवी. मालिकेने मुळातला हा प्रश्न ठेवला होता, म्हणून तिचा स्वस्त वेताळ चालून गेला. चित्रपटाने मुळातली शपथ अंगठीत बुडवली, म्हणून त्याचा महागडा वेताळ चालला नाही.

तेव्हा माझा कौल असा होता : चित्रपटाने दाखवावे किती, याला बंधन नाही. मात्र मूळ गोष्ट ज्या खुंटीवर टांगली आहे ती खुंटी त्याने काढू नये. तिथे वाद संपला असे मला वाटले. पण शेवट अजून व्हायचा होता.

दिवाळी झाली. आमच्याकडे नागली-वरईची कापणी उरकली की गावे रिकामी होऊ लागतात. माणसे बायकापोरांसह भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. वर्गातले बाक मोकळे पडतात. चित्रकथा काढणाऱ्या मुलांपैकी दोघे असेच गेले आणि चित्रपटाचा बेत आपोआप मागे पडला. होळीला माणसे परतली तेव्हा मी तरुण सहकाऱ्यांबरोबर त्यांच्या बाजूच्या एका गावी गेलो. तिथे एका म्हाताऱ्या बाबांकडे बोहाड्याचे एक सोंग होते. अनेक गावांत अशी रीत आहे की ठरावीक सोंग ठरावीक घराण्याने नाचवायचे. या घरात महिषासुराचे सोंग बाबांच्या आजोबांपासून होते.

मुखवटा आढ्याला फडक्यात बांधून ठेवलेला. जुने मुखवटे लाकडाचे असत, पुढे कागदाच्या लगद्याचेही होऊ लागले. बाबांनी तो उतरवला, आधी हात जोडले आणि मग फडके सोडले. लाल-काळा रंग, वर शिंगे, मोठे वटारलेले डोळे. मी मुलांची वही त्यांच्या हाती दिली. त्यांनी पान अन् पान निरखले. "बेस काढलंय," ते म्हणाले. मग मी पिक्चरची गोष्ट काढली. मुखवट्यातून जाळ निघेल, राक्षस आभाळाएवढा होईल, हेही सांगितले.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, जाळ टेंभ्याचा असतो, तो पुरतो. माझी अडचण निराळी आहे. मुखवटा आहे, डोकं नाही."

मला समजेना. सहकाऱ्यांनी समजावले. बाबांचा एकुलता मुलगा वसईकडे बांधकामावर असतो. पूर्वी बोहाड्याला यायचा, आता मुकादम सोडत नाही. बाबांचे गुडघे गेले आहेत. संबळ वाजू लागला की प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, पावले वेगळी. ती पाहून येत नाहीत, मागे उभे राहून शिकावी लागतात. मागच्या वर्षी हे सोंग निघालेच नव्हते.

"पिक्चर काढा," बाबा म्हणाले. "माझी ना नाही. पण पिक्चरमधला म्हसोबा पुढच्या साली मला विचारायला यायचा नाही, की बाबा, यंदा कोण नाचणार."

आम्ही तिथे वेताळावर तासन्‌तास भांडलो होतो! एकवीस पिढ्या, बापाकडून मुलाकडे जाणारा मुखवटा, माणूस मरतो पण सोंग मरत नाही, ही कल्पना ली फॉकला १९३६ मध्ये सुचली म्हणून आम्ही त्याचे कौतुक करीत होतो. आणि तीच गोष्ट, गोऱ्या नायकावाचून, कवटीच्या गुहेवाचून, आमच्या डोंगरात आढ्याला टांगलेली होती. ज्या सहकाऱ्याला पुस्तकात पहाऱ्यावर उभे केले गेले होते, त्याच्या गावात मुखवट्याचा मालक पहिल्यापासून गावचाच माणूस होता. मी त्यांच्याकडे पाहिले. ते मुखवट्याकडे पाहत होते.

परतताना ते एवढेच बोलले, "सर, चित्रकथेत एकवीस वेताळ सापडतात, कारण लिहिणारा दर वेळी वारस लिहितो. इथे वारस लिहून होत नाही."

चैत्रात त्या गावचा बोहाडा झाला. मी दोन रात्री जागलो. गणपती आला, शारदा आली, मग एकेक सोंग टेंभ्यांच्या उजेडात गल्लीच्या एका टोकाकडून देवळाकडे जाई आणि नाचत परत येई. माझ्या शेजारी मराठीचे सर आणि गणिताचे सर घोंगडीवर बसले होते. मुखवट्याचा चेहरा हलत नाही, डोळे मिटत नाहीत. पण टेंभ्याची ज्योत हलली की तो रागावतो, ज्योत खाली गेली की तो थकतो. हे काम उजेड करतो आणि आपण करतो. गणिताचे सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "किरणांची गरज नव्हती, हे कबूल." मराठीचे सर म्हणाले, "मलाही एक कबूल करायचे आहे. मुखवट्याच्या फटीतून नाचणाऱ्याचा घाम दिसतोय, माणूस दिसतोय, तरी मला भीती वाटतेय."

पहाटे महिषासुर निघाला. बाबा खुर्चीवर बसून हाताने ताल धरत होते. सोंग नाचवणारा अंगाने काही फार भरलेला नव्हता. पावले दोनदा चुकली. बाबांनी दोन्ही वेळा कपाळावर हात मारला. देवीने त्याला मारले, लोकांनी जयजयकार केला आणि मुखवटा उतरला, तेव्हा आत आमचे तरुण सहकारी होते. होळीपासून दर रविवारी ते बाबांच्या अंगणात पावले शिकायला जात होते, हे त्यांनी आम्हांला सांगितले नव्हते. ते बाबांच्या घराण्यातले नव्हेत. गावात त्यावर कुजबुज झाली असणार. पण मुखवटा कुणाच्या हाती द्यायचा हे शेवटी मुखवटा सांभाळणाऱ्यानेच ठरवायचे असते.

मुलांनी तो सारा प्रकार मोबाइलवर टिपला. जाळ घातला नाही, राक्षस आभाळाएवढा केला नाही. चुकलेली पावलेही तशीच ठेवली. चित्रपट म्हणून त्याला कोणी नावाजणार नाही. पण बाबांचा मुलगा वसईत रात्री तो बघतो असे बाबांच्या सुनेने मला परवा बाजारात सांगितले. "बघून काय म्हणतो?" मी विचारले. ती हसून म्हणाली, "म्हणतो, पावलं चुकताहेत. आलो की दाखवतो."

तो येईल की नाही, मुकादम सोडील की नाही, मला सांगता येत नाही. नागली पिकली आहे. ही दिवाळी झाली की गाव पुन्हा रिकामा होईल. मुखवटा फडक्यात बांधून आढ्याला आहे.